हरिहरच्या पायऱ्या आणि १८१८ चा सुरुंग

बिलोलीच्या शिवारात डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. मांजरेपलीकडे तेलंगणा, आणि अलीकडच्या माळरानावर ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे कुणी एकावर एक रचून ठेवावेत तसे पडलेले. या भागातील तरुण हरिहरची एकदिवसीय मोहीम आखतात, तेव्हा धर्माबादला संध्याकाळी मुंबईकडची गाडी धरतात आणि पहाटेच्या आत नाशिक रोडला उतरतात. मनमाडच्या थोडे अलीकडे ही गाडी अंकाई-टंकाईच्या पायथ्याजवळून जाते. बहुतेक प्रवासी त्या वेळी झोपलेले असतात. हरिहरच्या चढाईचा इतिहास मात्र तिथूनच सुरू करावा लागतो.

एप्रिल १८१८. पुण्याची पेशवाई कोसळली होती. बाजीराव दुसरा अजून हाती लागायचा होता. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची फौज उत्तरेकडील डोंगरी किल्ले घेत निघाली. अंकाई फारसा प्रतिकार न होता पडला. राजधेर लढून घ्यावा लागला. महिनाअखेर त्र्यंबकने तोफांपुढे शरणागती पत्करली आणि त्यापाठोपाठ आसपासचे सतरा किल्ले इंग्रजांच्या ताब्यात आले. त्या सतरांत हरिहर होता.

हा किल्ला काही नव्याने हात बदलत नव्हता. १६३६ मध्ये शहाजीराजांना तो त्र्यंबकसह मोगलांच्या हवाली करावा लागला होता, तर १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. गोंडा घाटाच्या वाटेवर नजर ठेवणे हे त्याचे काम. उंची सुमारे १,१२० मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने मध्यमच. त्याचे सामर्थ्य उंचीत नसून त्या एका जिन्यात आहे.

बेसाल्टचे थर ताठ तुटतात. अशा तुटलेल्या कड्यात शंभराहून अधिक पायऱ्या खोदल्या आहेत आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना बोटे रुतवण्यासाठी खोबण्या ठेवल्या आहेत. चढणाऱ्याचे दोन्ही हात खोबणीत गुंतलेले, म्हणजे शस्त्र पेलायला एकही हात मोकळा नाही. वाट एका माणसापुरती. जिना संपतो तो थेट दरवाजात. पुढे कातळाच्या छताखालून वाकून सरकायचे, मग पुन्हा पायऱ्या. पाहुण्याला सोयीची आणि शत्रूला घातक अशी एकच रचना करणाऱ्या त्या अनाम पाथरवटांचे नाव इतिहासाने जपले नाही, ही चुटपुट लागून राहते. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने हा चढ पाहिला आणि त्याची तुलना सुमारे दोनशे फूट उंच भिंतीला लावलेल्या शिडीशी केली.

या जिन्याच्या सौंदर्यावर भाळून इंग्रजांनी तो उडवला नाही, अशी कथा समाजमाध्यमांवर आवडीने सांगितली जाते. ब्रिग्ज थक्क झाला होता हे खरे. पण थक्क होणे वेगळे आणि अभय देणे वेगळे. त्या काळात कंपनी सरकार किल्ल्यांकडे कलाकृती म्हणून पाहत नव्हते. शेकडो गडांवर शिबंदी ठेवणे परवडणारे नव्हते, आणि गड मोकळे सोडावेत तर मूठभर बंडखोर थोडे धान्य आणि टाक्यातले पाणी यांवर महिनोन्‌महिने टिकून राहतील, ही धास्ती. त्यावर उपाय सोपा होता. गड पाडायची गरज नाही; त्याची वाट तोडायची.

अलंग आणि मदन या जोडगडांवर तेच झाले. पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या आणि जिथे शिबंदीची माणसे रोज ये-जा करीत, तिथे उघडा कातळ उरला. आज दोर आणि कमरपट्टा बांधून तरुण तो टप्पा चढतात आणि त्याला निसर्गाचे आव्हान म्हणतात. वस्तुतः त्या कातळाच्या अवघडपणामागे निसर्गाइतकाच एका सरकारी निर्णयाचा हात आहे.

मराठवाड्यातील वाचकाला इथे एक फरक जाणवेल. कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ल्यांच्या वाट्याला हे धोरण आले नाही, कारण तो मुलूख कंपनीच्या मित्राचा, निजामाचा होता. शिवाय ते भुईकोट. त्यांची भिस्त कड्यावर नाही, तटावर आणि खंदकावर. याचा अर्थ इकडे शांतता होती असा नव्हे. जानेवारी १८१९ मध्ये नौसाजी नाईक हटकर यांच्या नाव्हा येथील गढीला निजामाच्या फौजेने वेढा घातला आणि महिनाअखेर हल्ला करून ती घेतली.

सह्याद्रीत पायऱ्यांसोबत आणखी काही तुटले. गडांची राखण पिढ्यानपिढ्या महादेव कोळी व इतर डोंगरी समाजांकडे होती. शिबंदी मोडली तशी ती चाकरी गेली, मानपानही गेले. १८३० च्या आसपास रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांचा उठाव झाला तो याच असंतोषातून. पुढे त्यांचा मुलगा राघोजी याच डोंगरांत इंग्रजांशी वर्षानुवर्षे झुंजला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. वाटा तोडल्या, तरी डोंगर माहीत असलेली माणसे तिथेच होती.

हरिहरच्या माथ्यावर आज तळे आहे, हनुमान आणि महादेव आहेत, दगडी कोठाराची इमारत आहे. सर्वोच्च टेकाडावर जायला शेवटचा छोटा कातळ हातापायांनी चढावा लागतो; तिथे पायऱ्या नाहीत. उतरताना जिन्यावर तोंड कड्याकडे आणि पाठ दरीकडे करावी लागते आणि पायाला पुढची पायरी चाचपावी लागते. सुटीच्या दिवशी खालून चढणाऱ्यांची रांग त्याच वाटेवर असते, आणि ती वाट अजूनही एका माणसापुरतीच आहे.