बॉयलरच्या भेगांपासून गर्भातल्या जुळ्यांपर्यंत

२१ जुलै १९५५ रोजी ग्लासगोजवळच्या रेनफ्रू इथल्या बॉयलर कारखान्यात एक प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर मोटारीतून शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन आले. त्यांचं नाव इयन डोनाल्ड. कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. घट्ट गाठ आणि पाण्याने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात, हे डोनाल्ड यांनी तिथे पाहिलं. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९५८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आजच्या सोनोग्राफीचं कूळ तिथलं.

त्याआधी गर्भ पाहायचा तो एक्स-रेवर, आणि तिथे दिसत ती फक्त हाडं. जुळी छातीला किंवा पोटाला जोडलेली असली, तरी तो सांधा बहुधा मांसल. तो फिल्मवर उमटत नसे. म्हणून अंदाज बांधावा लागे. १९५०मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी जोडलेल्या जुळ्यांच्या खुणा मांडल्या: दोन्ही डोकी एकाच पातळीवर, मणके नको इतके जवळ, माना मागे वळलेल्या आणि बाळं हलली तरी त्यांची एकमेकांसापेक्ष जागा तीच. अनेकदा मात्र उलगडा व्हायचा तो प्रसूती अडल्यावरच. पुढे १९५६मध्ये ब्रिटिश डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी गरोदरपणातल्या एक्स-रेचा संबंध मुलांच्या कर्करोगाशी जोडला आणि या तपासणीवरचा विश्वास डळमळला.

सोनोग्राफीवर जोडलेल्या जुळ्यांचं निदान झाल्याची नोंद १९७६ची आहे. जुन्या खुणा तिथेही कामी आल्या, पण आता त्वचेची सलग रेषाही दिसू लागली. एक वार, मध्ये पडदा नाही, एकाच नाळेत तीनहून जास्त रक्तवाहिन्या, हे पाहून शंका पक्की होते. तरी एका पिशवीतली सुटी जुळीही कधी इतकी बिलगून असतात की फसगत होते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांतलं निदान पुन्हा तपासूनच कायम करतात.

रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर, गर्भाच्या हृदयाची इको आणि एमआरआय आल्यावर प्रश्नच बदलला. जुळी जोडलेली आहेत का, याहून काय काय सामाईक आहे, हे महत्त्वाचं झालं. छातीला जोडलेली जुळी सर्वाधिक आढळतात आणि त्यांचं भवितव्य मुख्यतः हृदयावर ठरतं. यकृत सामाईक असलं तर ते विभागता येतं. दोघांत एकच हृदय असेल तर दोघांनाही वाचवणं जवळपास अशक्य.

सोनोग्राफीचं हेच यंत्र गर्भ मुलीचा आहे का, हे ओळखायलाही वापरलं गेलं. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८मध्ये देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. केंद्राच्या कायद्यात गर्भातल्या व्यंगाच्या निदानाला मात्र मुभा आहे. तेव्हा रिपोर्टमध्ये जुळी जोडलेली असल्याची शंका लिहिली असेल, तर एका सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नका. गर्भतज्ज्ञ, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक एकत्र असतील अशा मोठ्या रुग्णालयात तपासणी करून घ्या आणि पहिला प्रश्न हृदयाचा विचारा.