अपंगत्व निवृत्तिवेतन, सैनिकी : नकाराविरुद्ध अपील

सैन्यसेवेमुळे आलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वासाठी, ते किमान २० टक्के असल्यास, मिळणारे निवृत्तिवेतन. म्हैसूरच्या माजी सैनिकाचा दावा फेटाळला जातो तो बहुधा वैद्यकीय मंडळाच्या कागदावरील एका ओळीने : आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, वाढलेलाही नाही. ही ओळ अंतिम मानू नये. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरावे. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि मंडळाने कारणे लिहिलीच पाहिजेत. रक्तदाब, मधुमेह नागरिकांनाही होतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे गृहीतक खोडून काढण्याची मुभा आहे. पण ते कारणे देऊन खोडावे, ठरीव शेऱ्याने नव्हे. बारा-पंधरा वर्षे सीमेवर राबलेल्या माणसाला एवढे तरी देणे लागते. साधारणपणे आधी खात्याकडे पहिले व दुसरे अपील, मग २००७ च्या कायद्याने स्थापलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. कर्नाटकातील दावे त्याच्या कोची खंडपीठाकडे येतात. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मात्र तरसेम सिंग निकालानुसार (२००८) थकबाकी सामान्यतः मागील ३ वर्षांचीच मिळते.