हौसेला मोल नसतं?

पहाटे पाच वाजता आमच्या गावात दोन प्रकारची माणसं पळत असतात.

पहिला आमचा ग्रुप. दोन डॉक्टर, एक वकीलसाहेब, झेडपी शाळेतले दोन गुरुजी, बँकेतल्या एक मॅडम, मेडिकलवाले एक शेठ आणि मागच्या वर्षी शुगर बॉर्डरवर आली म्हणून घाबरून घुसलेला मी. मनगटावर घड्याळ, पायात सात-आठ हजारांचे बूट. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू. नोव्हेंबरात पाच किलोमीटर, डिसेंबरात दहा, मग पंधरा. जानेवारीत कुणाची एकवीस, कुणाची थेट बेचाळीस.

दुसरी भरतीची पोरं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येऊन चौघं मिळून एक खोली भाड्यानं घेतात. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. एसआरपीएफला ५ किलोमीटर. अग्निवीरला १.६ किलोमीटर. पायात कॅनव्हासचे बूट. काही जण अनवाणी.

रस्ता एकच आणि थंडीही एकच. तरी आम्ही एकमेकांना फक्त ‘रामराम’ करतो नि पुढं जातो. आम्हाला लोक ‘हौशी धावपटू’ म्हणतात. त्यांना कुणी धावपटू म्हणतच नाही. ती ‘भरतीची पोरं’.

हा फरक डोक्यात बसला आणि मी थोडं वाचायला लागलो. जे सापडलं ते सांगतो. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी कामाची गोष्ट आहे.

‘हौशी’ म्हणजे नक्की कोण?

हिवाळ्यात लांब पळायची पद्धत क्लबात आणली ती इंग्रजांनी. १८६८ साली लंडनमध्ये ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ नावाचा क्लब निघाला. काढणारे मूळचे नावाडी, म्हणजे होड्यांच्या शर्यती मारणारे. थंडीत नदीवर सराव होत नाही, मग अंग कामात राहावं म्हणून चिखला-माळातून पळायला लागले. एकानं पुढं कागदाचे कपटे टाकत जायचं, बाकीच्यांनी माग काढत पळायचं. आजची क्रॉस-कंट्री इथून वाढली.

पण त्याच काळात तिथल्याच बड्या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली. लंडनमध्ये १८६६ साली ‘ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब’ स्थापन झाला होता. ॲमॅच्युअर म्हणजे हौशी. हौशी कोण, तर जो पैशासाठी पळत नाही तो. इथपर्यंत ठीक. पण त्यांच्या नियमात पुढं असंही आलं, की कारागीर, मिस्त्री आणि मजूर हा हौशी धरला जाणार नाही. त्यानं एक पैसा घेतला नसला तरी नाही! जो हातानं काम करून पोट भरतो त्याचं शरीर आधीच तयार असतं, सभ्य माणसानं त्याच्याशी का स्पर्धा करावी, असा हिशेब.

धावण्यातून हे कलम १८८० साली गेलं. त्या वर्षी नवी राष्ट्रीय संघटना झाली आणि तिनं मजुरांना दार उघडलं. नौकानयनात मात्र हेन्लीच्या प्रसिद्ध शर्यतीत ते १९३७ पर्यंत टिकून होतं.

आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. इतिहास वाचल्यावर वाटतं, मोल होतं. आधी घरची भाकरी पक्की पाहिजे, मगच हौस.

बेचाळीस किलोमीटर पळालं कोण?

गंमत बघा. नियम करणारे साहेब लोक, आणि लांब अंतर मारणारे मात्र कष्टकरी.

१८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. जिंकला स्पिरिडॉन लुईस. धंदा काय, तर पाणी वाहण्याचा. आपल्याकडं पूर्वी पाणक्या असायचा तसा. अंतर साधारण चाळीस किलोमीटर होतं. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला. त्या लंडनच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळलेला इटलीचा दोरांदो पिएत्री हा मिठाईवाला. पंचांनी त्याला हात दिला म्हणून तो बाद झाला, पण नाव त्याचंच राहिलं.

आता आपल्याकडं येऊ.

पुण्यातली अनवाणी पोरं

पुण्याचं डेक्कन जिमखाना १९०६ सालचं. आज तो पत्ता म्हटला की आपल्याला हॉटेलं आणि ट्रॅफिक आठवतं. पण शंभर वर्षांपूर्वी तिथं मैदानी स्पर्धा व्हायच्या आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीही व्हायच्या. सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास त्यांनी या शर्यती पाहिल्या. पळणारे बहुतेक शेतकरी घरातले. पायात काही नाही. शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय हे ठाऊक नाही. तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होती.

दोराबजी स्वतः इंग्लंडात शिकलेले, तिथले खेळ पाहिलेले. त्यांना वाटलं, ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणं झालं. निधी गोळा झाला. दोराबजींनी खिशातूनही पैसे घातले. आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला हिंदुस्थानातून पहिला संघ गेला. चार धावपटू, दोन पैलवान. मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

बोटीनं प्रवास, इंग्लंडमध्ये थोडा सराव, मग अँटवर्प. २२ ऑगस्ट १९२०. पावसाळी, गार हवा. त्या वर्षीचं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. जिंकला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

आमच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा, २:५० म्हणजे काय चीज आहे. जेलच्या पुड्या, कार्बनची पट्टी घातलेले बूट, ऑनलाइन कोच असं सगळं असून आमच्यातला सगळ्यात वेगवान माणूस चार तासांच्या आत आला तेव्हा आम्ही फटाके वाजवले. चौगुल्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी केलं, आणि तेही अर्धा किलोमीटर जास्तीचं पळून.

आपल्या किती शाळांत हे नाव सांगितलं जातं? मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, वीस वर्षं बातम्या लिहिल्या. मला हे नाव चाळिशी उलटल्यावर कळलं. हा दोष माझा धरा.

नियम कुणासाठी होता

पैसा घ्यायचा नाही हा नियम पुढं साठ वर्षं चालला, आणि त्याची झळ लागली गरिबाघरच्यांनाच. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२ ला दोन सुवर्णं मिळवली. पूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळला होता म्हणून १९१३ मध्ये पदकं काढून घेतली. फिनलंडचा पावो नुर्मी १९३२ ला मॅरेथॉन पळणार होता. प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतले असा ठपका ठेवून त्याला ऐनवेळी बाहेर बसवलं. धावपटूला उघडपणे पैसे घेता यायला लागले ते १९८० च्या दशकात.

आणि तरी या नियमाच्या आतही कष्टकऱ्यांनीच धावण्याला दिशा दिली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड हा बुटाच्या कारखान्यात काम करणारा माणूस. कामाच्या आधी आणि नंतर पळायचा. स्वतःवरच प्रयोग करत त्यानं एक पद्धत बसवली : शर्यतीच्या कित्येक महिने आधी नुसतं लांब आणि निवांत पळायचं, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत. आधी पाया भरायचा, वेग नंतर. त्याची पोरं दर रविवारी डोंगरातली बावीस मैलांची फेरी मारायची. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या दोन शिष्यांनी एकाच दिवशी, तासाभरात दोन सुवर्णं घेतली. तिसरा, बॅरी मॅगी, मॅरेथॉनला कांस्य घेऊन आला. ती मॅरेथॉन जिंकली इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं. अनवाणी.

आमच्या ग्रुपमध्ये दर रविवारी ‘लाँग रन’ असतो. ‘बोलता येईल इतक्याच वेगानं पळा,’ असं डॉक्टरसाहेब सांगतात. हे सगळं त्या बुटाच्या कारखान्यातल्या माणसाकडून आलेलं आहे.

आपली थंडी

इंग्रजांना थंडीत होडी चालवता येत नव्हती म्हणून ते पळाले. आपलं उलट आहे. आपल्याकडं लांब पळायचं तर थंडीतच, मार्चनंतर सकाळी आठलाच ऊन चटके देतं. म्हणून पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, जी १९८३ ला सुरू झाली, ती हिवाळ्यातली. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ ला फेब्रुवारीत सुरू झाली आणि पुढं जानेवारीत स्थिरावली. तिच्यानंतरच डॉक्टर, वकील, बँकवाले रस्त्यावर आले. साताऱ्यात २०१२ पासून डोंगराची हाफ मॅरेथॉन होते.

आणि याच मुंबईच्या मॅरेथॉननं माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर सगळ्यांना दाखवली. दुष्काळी पट्ट्यातली मुलगी. भारतीय महिलांत तिथं लागोपाठ जिंकली, मग स्टीपलचेसकडं वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. १९१९ ला दोराबजींनी जे पाहिलं तेच इथं पुन्हा दिसलं. ताकद वाडीवस्तीवर असते. कुणीतरी बघायला लागतं.

आता आमच्या गावचं

आमच्या गावात संकुल आहे. आत चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक आहे. गेट उघडतं सकाळी साडेसहाला. कधी कधी महिनाभर उघडतच नाही, कारण आत प्रदर्शन नाहीतर सभा. दिव्याचे खांब आहेत, दिवे नाहीत.

म्हणून सगळे रस्त्यावर पळतात. आणि थंडी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. पहाटेच्या काळोखात ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर.

दोन हिवाळ्यांपूर्वी याच रस्त्यावर भरतीच्या एका पोराला ट्रॉलीचा धक्का बसला. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. पुढची भरती गेली. त्यानंतरच्या भरतीला वय बसेना. आता तो एका पेट्रोल पंपावर असतो. परवा मी गाडीत तेल भरायला गेलो तर त्यानं ओळखलं. म्हणाला, “सर, तुम्ही अजून पळताय का? कडेनं पळा, डाव्या अंगानं ट्रॉल्या येतात.”

तेव्हा मी त्याची बातमी दिली होती. चार ओळी, आतल्या पानावर. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या मॅरेथॉनची बातमी मी दिली ती अर्ध पान, फोटोसह. त्यात आमच्या ग्रुपचाही फोटो होता. त्या दिवशी पंपावरून निघताना मला ते अर्ध पान आठवत होतं.

मी आमच्या ग्रुपला नावं ठेवत नाही. ती चांगली माणसं आहेत, या पळण्यानं माझी शुगर ताब्यात आली. पण आम्हाला गेट बंद असलं तर फार तर एक रविवार बुडतो. त्या पोरांचं वर्ष जातं. त्यांच्यातल्या कुणाचा तर पायच जातो.

म्हणून ग्रुपमध्ये बोललो आणि सगळ्यांनी मान्य केलं. सोमवारी तहसील कचेरीत अर्ज देतोय. मागण्या तीनच :

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संकुलाचं गेट पहाटे साडेचारला उघडावं. किल्ली ठेवायची जबाबदारी आम्ही घेतो.
२. ट्रॅकवर चार दिवे लावावेत. वीजबिलाचा वाटा ग्रुप उचलेल.
३. कारखान्याकडं जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावूनच गट्टाणात घ्यावं. पट्ट्या मेडिकलवाले शेठ स्वखर्चानं द्यायला तयार आहेत.

अर्जावर आमच्या सह्या झाल्यात, पण भरतीच्या पोरापोरींच्या सह्या पाहिजेत. अर्जाची प्रत स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवलीय. रविवारी पहाटेपासून दहापर्यंत मी तिथंच आहे. ज्यांच्या घरातलं कुणी पहाटे पळायला जातं त्या आईवडिलांनीही यावं.

आणि या रविवारपासून आमचा ग्रुप नि भरतीची पोरं एकत्र पळणार आहोत. पुढं एक, मागं एक टॉर्चवाला. आम्हाला त्यांचा वेग झेपणार नाही हे उघड आहे. तेव्हा टॉर्च घेऊन मागं राहायचं काम माझं.