पहाटेची धून

रेडिओवर सकाळी पहिली सभा सुरू होण्याआधी एक धून वाजायची. मागे तंबोरा आणि त्यावर व्हायोलिनचे मोजके सूर. जळगाव-धुळ्याकडच्या निदान तीन पिढ्यांना ती पाठ आहे. केळीच्या बागेत रात्रीचं पाणी धरून घरी परतणाऱ्यानं ती ऐकली, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पहिल्या पाळीचा डबा भरणाऱ्या बाईनं ऐकली. घड्याळ नसलेल्या घरांत तीच घड्याळ होती. धूनमागून वंदे मातरम् आणि त्यामागून मंगलध्वनी, बहुधा बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. हा क्रम आपल्या कानांत इतका मुरला की ती पहिली धून कुणी बांधली असेल, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. या धूनच्या बाबतीत आणखीही एकदोन नावं घेतली जातात; पण जाणकारांचा कल कॉफमन यांच्याकडेच आहे, आणि व्हायोलिनवर मेहली मेहता होते असं सांगतात. मेहली म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. कॉफमन ज्यू होते आणि हिटलरच्या सावलीतून निसटून मुंबईला आलेले होते.

त्यांचा जन्म 1907 चा, कार्ल्सबादचा. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, पुढे झेकोस्लोव्हाकियात गेलं. संगीताचं शिक्षण बर्लिनला आणि प्रागला झालं. प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटचं काम पुरं होत आलं असताना त्यांना कळलं की आपले एक प्राध्यापक नाझींच्या तरुण संघटनेचे पुढारी आहेत. कॉफमननी ती पदवीच नाकारली. आपल्याकडे पदवीसाठी माणसं काय काय करतात ते पाहिलं की हा तिशीही न गाठलेला पोरगा मला मोठा वाटतो.

1934 च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. भारतच का? एक तर व्हिसा मिळाला. दुसरं कारण मजेदार आहे. युरोपात असताना त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या आणि त्यांना त्यातलं काहीही उमगलं नव्हतं. दुसरा एखादा 'हे काही संगीत नव्हे' म्हणून मोकळा झाला असता. कॉफमन यांचा हिशेब वेगळा होता. इतक्या माणसांना जे आवडतं ते वाईट कसं असेल, कमी आपल्या कानांत असणार. तेव्हा तिथंच जाऊन शिकावं.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. मे 1937 पर्यंत असे 136 कार्यक्रम झाले होते. व्हायोलिनला मेहली मेहता असायचे, चेलोला एदिजिओ वेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ, पियानोला स्वतः कॉफमन. एक पारशी, एक इटालियन, एक ज्यू. प्रागमधले त्यांचे मित्र विली हास हेही पुढे मुंबईला आले आणि मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी पटकथा लिहू लागले.

1936 मध्ये सरकारच्या नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. 1937 पासून 1946 पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. धून त्याच सुमाराची. ती शिवरंजनीच्या अंगानं जाते. भूप आपल्या सगळ्यांच्या कानांत असतो. त्यातला शुद्ध गंधार काढून कोमल गंधार ठेवला की शिवरंजनी होतो. बाकी चारही सूर तेच. एवढा एक सूर पायरीभर खाली उतरतो आणि प्रसन्न चेहऱ्यावर सावली येते. कार्ल्सबादच्या माणसाला सकाळ उगवण्यासाठी नेमके हेच सूर का सुचले असतील, यावर मी खूपदा विचार केला आहे. कारागिरीच्या दृष्टीनं उत्तर सोपं असेल. मला मात्र त्या गंधारात त्यांचं मागं राहिलेलं घर ऐकू येतं. कवीला एवढी सूट द्यावी.

कारण मागं जे राहिलं ते भयानक होतं. कॉफमन यांची पहिली पत्नी गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिची आई एली ही काफ्कांची बहीण. 1941 च्या ऑक्टोबरात एलीला प्रागहून पोलंडमधल्या वूच इथल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात पाठवलं गेलं. ती परत आली नाही. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींनी संपवल्या. मुलगी वाचली, आई वाचली नाही.

इकडेही सगळं सरळ नव्हतं. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं जर्मन पासपोर्ट असलेल्यांना शत्रू म्हणून धरलं. त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते! त्यांनाही नगरच्या छावणीत नेऊन कोंडलं. मुंबईत 1934 मध्ये निघालेल्या 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन'नं खटपट करून अनेकांना सोडवलं. ज्यानं तुम्हाला मारायला घेतलं त्याच्याच नावाचा शिक्का तुमच्या कागदावर, आणि त्या कागदावरून तुम्ही कैदेत. निर्वासिताचं नशीब असं असतं.

हा विषय निवडला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "तुम्ही मुसलमान, आणि ज्यूंवर बोलणार?" प्रश्नात खोच होती, राग नव्हता. गाझातल्या लेकरांच्या बातम्या वाचून माझीही झोप उडते. पण त्या लेकरांसाठी रडायचं म्हणून एलीसाठी रडायचं नाही, असा हिशेब मला शिकवला गेलेला नाही. मी त्यांना म्हटलं, भाऊ, जी धून ऐकत आपण दोघं शाळेत गेलो ती कुणाची होती ते फक्त सांगतो आहे.

संगीतानं जीव वाचवल्याची याहून थेट गोष्ट अनिता लास्कर-वालफिश यांची आहे. जन्म 1925 चा, ब्रेस्लाऊचा. 1942 मध्ये आईवडिलांना नेलं गेलं, ते कायमचं. 1943 च्या डिसेंबरात अनिता ऑशविट्झमध्ये आली. तिथं कैदी बायकांचा एक वाद्यवृंद होता. तिनं आपण चेलो वाजवतो असं सांगितलं, आणि वृंदात चेलो वाजवणारं कुणी नव्हतं. तेवढ्यावर ती जगली. मजुरांच्या तुकड्या सकाळी फाटकातून बाहेर पडताना आणि संध्याकाळी परतताना या बायकांनी कूचगीतं वाजवायची. वृंदाची प्रमुख अल्मा रोझे, थोर संगीतकार गुस्ताव माहलर यांची भाची. वाजवणं बिघडलं तर वृंद मोडेल आणि वृंद मोडला तर काय होईल हे अल्माला ठाऊक होतं, म्हणून ती शिस्तीला फार कडक होती. एप्रिल 1944 मध्ये ती तिथंच वारली. अनिताला पुढे बर्गन-बेल्झनला हलवलं. 15 एप्रिल 1945 रोजी इंग्रज फौजेनं ती छावणी मोकळी केली.

इंग्लंडमध्ये अनिता 'इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा'त चेलो वाजवत राहिल्या. मुलगा राफाएल, जन्म 1953 चा, तोही चेलोवादक झाला, मोठा झाला. 31 जानेवारी 2018 रोजी बर्लिनमध्ये जर्मन संसदेनं अनिताबाईंना बोलायला बोलावलं. ज्या देशात पाऊल ठेवायचं नाही असं त्यांनी एकदा ठरवलं होतं, तिथल्या संसदेत त्या बोलल्या, आणि त्याच सभागृहात राफाएलनं चेलो वाजवला. जे वाद्य तिला जगवायला कारण झालं तेच त्याच्या हातात. 2025 मध्ये अनिताबाईंनी वयाची शंभरी गाठली.

आईचं ऋण सुरांनी फेडणं खान्देशाला कुणी शिकवायला नको. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गात राहिल्या आणि सोपानदेवांनी, मावसभाऊ पितांबर यांनी ते टिपून ठेवलं. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. वह्या पेटीतच राहिल्या असत्या तर?

मेहली मेहतांच्या मुलाकडे वळतो, कारण त्याचा धागा इथंच लागतो. झुबिन मेहता 1936 चे. म्हणजे आपली धून आणि ते जवळपास एकाच वयाचे. पुढे इस्रायल फिलहार्मोनिकशी त्यांचं नातं अनेक दशकं राहिलं. जून 1994 मध्ये त्यांनी वेढ्यातल्या सारायेव्होला, तोफगोळ्यांनी जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत मोझार्टचं 'रेक्विएम' वाजवून घेतलं. तिथं मरणारे बहुतेक मुसलमान होते. आणि 1999 च्या ऑगस्टात वायमारला, बुखेनवाल्ड छावणीच्या जवळ, त्यांनी इस्रायलचा आणि जर्मनीतला बव्हेरियाचा असे दोन वाद्यवृंद एकत्र बसवले. ज्यू आणि जर्मन वादक शेजारी शेजारी. वाजवली माहलरची दुसरी सिंफनी, म्हणजे अल्मा रोझेच्या मामांची.

कॉफमन 1946 मध्ये मुंबई सोडून लंडनला गेले, मग कॅनडात. 1948 पासून विनिपेगच्या सिंफनीचं संचालन केलं, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. ज्या संगीतातलं काही उमगलं नव्हतं त्यावरच त्यांनी 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, 1968 मध्ये. 1984 मध्ये ते वारले. त्यांच्या रचना मात्र बाडात पडून राहिल्या. टोरंटोच्या 'एआरसी एन्सेंबल' या चमूनं, ज्यांचं कामच मुळी परागंदा झालेल्या संगीतकारांना पुन्हा ऐकवणं हे आहे, त्यातल्या काही काढल्या आणि 2020 मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका आली. तीत दुसरा व्हायोलिन सोनाटा आहे. आपली धून कॉफमन यांच्या एका व्हायोलिन सोनाट्यातूनच आली असं काही अभ्यासक मानतात. माझ्या पुतण्यानं तो सोनाटा मोबाइलवर लावून दिला तेव्हा शेजारच्या खोलीतून आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "काय रे, रेडिओ सुरू झाला का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)