मण्यांवर मोजलेला श्वास

खोकणारे तान्हे शांत असताना छाती उघडी करून पुरे एक मिनिट श्वास मोजायचे, ही परिचारिकेची पहिली तपासणी. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक भरले, की न्यूमोनियाची शंका. पण साठपर्यंत मोजताच येत नसेल तर?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी एकत्र बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आमच्या सोलापुरातल्या तसबीह किंवा जपमाळ ओढणाऱ्या आजीला हे वेगळे शिकवावे लागले नसते! सुईणी आणि गावातले कार्यकर्ते औषधही तिथेच देत. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या कामाचे आकडे आले: न्यूमोनियाच्या शंभर मुलांमागे तुलनेच्या गावांत तेरा-चौदा दगावली, या ५८ गावांत उपचार मिळालेल्यांत एकही पुरते नाही.