वितळलेल्या मिश्रणाच्या मागावर

मुंबई हायचा वायू ज्या नागावच्या शेजारी किनाऱ्याला लागतो ते अलिबागचे नागाव नव्हे, उरणचे. ओएनजीसीचा प्रकल्प या गावाला अगदी खेटून आहे. त्या वायूतले इथेन-प्रोपेन पुढे नागोठण्याला गेले आणि नव्वदच्या दशकाच्या तोंडावर आयपीसीएल या सरकारी कंपनीच्या तिथल्या संकुलातून प्लॅस्टिकचे दाणे बाहेर पडू लागले. दाणे निघाले म्हणजे काम संपले, असे आपल्याकडे फार काळ मानले गेले. त्या दाण्यांच्या वितळण्याचा आणि वाहण्याचा अभ्यास पुण्यात पाषाण रस्त्यावर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आधीच सुरू झाला होता.

३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक जे. डब्ल्यू. मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांतली रचना शोधणारे कलिल-शास्त्रज्ञ. दुसरे जॉर्ज फिंच यांनी १९२२ मध्ये प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन एव्हरेस्टची चढाई केली होती. पुढची वर्षे मुख्यतः रंग, औषधे आणि उत्प्रेरकांची. पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या, प्रवाहाच्या अभ्यासाला खरा जोर आला तो १९७६ नंतर, सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. नायुदम्मा यांच्या आग्रहावरून रघुनाथ माशेलकर सॅल्फर्डहून परतले तेव्हा. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईच्या यूडीसीटीत घडलेले माशेलकर प्रवाहशास्त्रातले. १९८८ मध्ये आयपीसीएलच्या संशोधन विभागातून एस. शिवराम आले आणि पॉलिमर घडवण्याच्या रसायनालाही बळ मिळाले.

प्लॅस्टिकच्या मिश्रणांचा प्रश्न प्रवाहशास्त्र आणि रसायन जिथे भेटतात तिथेच निघतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि कडक, पण शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होते. म्हणून त्यात रबर घालतात. दोघे एकमेकांत विरघळत नाहीत. रबराचे थेंब प्लॅस्टिकात विखुरतात. ते किती बारीक होतील हे ठरते दोघांच्या श्यानतेच्या, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधाच्या, प्रमाणावर. जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात तेलाच्या थेंबांवर याचा पाया घातला. थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या साधारण चौपटीपलीकडे गेली, की नुसत्या घासणाऱ्या प्रवाहाने तो फुटत नाही. त्याला ताणावे लागते. वितळवून घुसळणाऱ्या यंत्राच्या, एक्स्ट्रुडरच्या, स्क्रूची रचना म्हणूनच पाककृतीचा भाग ठरते.

याहून चमत्कारिक प्रकार मोन्सॅन्टोच्या कोरान आणि पटेल यांनी सत्तरच्या दशकात पक्का केला. मिश्रण घुसळत असतानाच रबराचे व्हल्कनायझेशन करायचे, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधायच्या. रबर निम्म्याहून जास्त असूनही त्याचे मायक्रॉनभर कण होतात आणि थोडे प्लॅस्टिक त्यांना वेढून राहते. वापरताना रबर, साच्यात जाताना प्लॅस्टिक! मात्र कणांची दाटी इतकी, की कमी वेगाला हे वितळलेले मिश्रण अडून बसल्यासारखे वागते आणि जोर वाढला की झपाट्याने पातळ होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात व्ही. एम. नाडकर्णी आणि जे. पी. जोग यांनी पॉलिफिनिलीन सल्फाइड व पीईटीसारख्या मिश्रणांत एकाच्या सहवासात दुसऱ्याचे स्फटिक कसे बनतात हे तपासले. त्याच दशकाच्या शेवटी माशेलकर संचालक झाले, आणि संस्थेची पेटंटे परदेशी कंपन्यांना विकण्याचे धाडस आले. जनरल इलेक्ट्रिकशी पॉलिकार्बोनेटवर झालेला करार वर्तमानपत्रांत गाजला. मला त्याहून मोलाचे वाटते ते कमी गाजलेले काम. डेलावेअर विद्यापीठातून आलेले आशिष लेले, विद्यार्थी योगेश जोशी आणि माशेलकर यांनी २००० च्या सुमारास वितळलेला पॉलिमर धातूच्या भिंतीवरून घसरतो कसा, याचे गणित मांडले. भिंतीला चिकटलेल्या साखळ्या आतल्या साखळ्यांच्या गुंत्यातून सुटतात, की भिंतच सोडतात? दोन्ही शक्यता त्यांनी एकाच प्रारूपात बसवल्या. डायमधून निघणाऱ्या फिल्मचा पृष्ठभाग शार्कच्या कातडीसारखा खरखरीत का होतो, या कारखान्यातल्या जुन्या डोकेदुखीशी त्याचा थेट संबंध आहे.

२०२१ मध्ये लेले याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याआधी काही वर्षे ते रिलायन्समध्ये होते. २००२ च्या निर्गुंतवणुकीत आयपीसीएल, आणि तिच्याबरोबर नागोठणे, त्याच समूहाकडे गेले होते.