टेबलावरची चांदीची मालगाडी आणि आजच्या छोट्या वाघिणी

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आपण त्यांना जयविलास पॅलेस दाखवायला नेतो. तिथं लहानथोर सगळे खिळून राहतात ते जेवणाच्या लांबलचक टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीपाशी. सगळे तिला महाराजांचं खेळणं म्हणतात. पण नीट बघा, ती मालगाडी आहे! तिच्या डब्यांत माणसांना बसायला जागाच नाही. त्यांवर काचेच्या नक्षीदार सुरया, आणि जेवणानंतर पाहुण्यांपुढे फिरायची ती ब्रँडी, सिगार, सुका मेवा. डब्यांवर इंग्रजीत शिंदे घराण्याच्या नावाची अक्षरं. विजेवर चालणारी ही गाडी पाहुण्यासमोर यायची, त्याने सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची.

मालडब्याला आपल्या मराठीत किती झकास शब्द आहे, वाघीण! इंग्रजी वॅगनची वाघीण करून टाकली आपल्या लोकांनी. आज सांगायचंय ते या छोट्या वाघिणींबद्दलच. जुन्या काळची छोटी वाघीण कामाला जुंपलेली असायची, आजची छोटी वाघीण मोठीची आठवण सांभाळते. हा फरक आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांना का लागू पडतो, ते शेवटी सांगतो.

आधी जुनी वाघीण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळण्यातले मालडबे पत्र्याचे असत. कथील चढवलेल्या पत्र्यावर रंगीत छपाई करायची, तो कापून वाकवायचा आणि पत्र्याच्याच जिभा खाचांत घालून मुरडायच्या, की झाला डबा तयार. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने 1891 मध्ये रुळांची ठरावीक मापं बाजारात आणली, त्यामुळे एका संचाचा डबा दुसऱ्या संचाच्या रुळावर चालू लागला. घरोघरी पोचलं ते 32 मिलिमीटरचं शून्य नंबरचं माप. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने 1920 मध्ये आगगाड्या काढल्या, त्या पहिल्या गाड्यांचे डबे नटबोल्टने जोडलेले होते. पोरांनी ते खोलायचे आणि परत जोडायचे.

या डब्यांत खऱ्याशी तंतोतंत मेळ नसे. खोलीत मावावं म्हणून वळणं फार आवळलेली, म्हणून डबा आखूड आणि चार चाकांचा. गाडी घसरू नये म्हणून चाकांच्या कडा जाड नि खोल. जोडणीला साधा आकडा. पण दार उघडायचं, वाघिणीत गोट्या भरता यायच्या, कोळशाचे तुकडे भरता यायचे. हातातून पडली तर पोचा यायचा, तुटायची नाही. म्हणजे माल वाहणं हे तिचं खरंच काम होतं. चांदीची असली तरी आपल्या महालातली गाडी याच जातकुळीची.

आता आजची वाघीण. ती साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची. सगळ्यात जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे 1:87, रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर. आपली रोज दिसणारी कोळशाची बॉक्सएन वाघीण घ्या. खरी सुमारे 10.7 मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण 12.3 सेंटिमीटर. तेवढ्यात शिडी वेगळी, ब्रेकचे पाइप वेगळे, आठही चाकं धातूची, आणि अक्षरं इतकी बारीक छापलेली की भिंगाखालीच वाचता यावीत.

गंमत वजनाची आहे. खरी रिकामी बॉक्सएन साडेबावीस टनांच्या आसपास. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 87 ने भागली की वजन 34 ग्रॅमच्या घरात येतं. इतका हलका डबा वळणावर उलटेल! म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने नियम घालून दिला, एचओ डब्याला एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. या हिशेबाने आपली वाघीण 97 ग्रॅमची करावी लागते. वरून हुबेहूब, आत मात्र लोखंडाचा तुकडा लपवलेला.

म्हणून नवीन ते सगळं चांगलं असं काही नाही. आजच्या वाघिणीची शिडी बोटाच्या धक्क्याने मोडते. पोराच्या हातात द्यायला जीव होत नाही, ती कपाटातच राहते. तसं जुनं ते सगळं टिकाऊ असंही नाही. पत्र्याला गंज चढतो, आणि जुन्या ओतीव जस्ताच्या भागांत शिसं मिसळलेलं असलं तर ते काही वर्षांनी तडकून भुगा होतात.

आता मुद्द्याचं. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. 1:87 ने ती 19.3 भरते, पण बाजारातले रूळ 16.5 चे, कारण ते परदेशी गेजवरून ठरलेत. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचं एचओ मॉडेल किती का सुंदर असेना, उभं असतं अरुंद रुळावर. छोट्या लाईनचं मात्र उलट आहे. वडोदऱ्याच्या गायकवाडांची लाईन, 1862 मध्ये डभोई-मियागाम बैलांनी ओढलेली, 762 मिलिमीटरची. 1:48 ने ती 15.9 येते, तिला एचओचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात. आपली ग्वाल्हेरची 610 ची. 1:64 ने साडेनऊ येते, तिला 9 मिलिमीटरचे तयार रूळ चालून जातात.

रूळ मिळतील हो, वाघीण कुठून आणणार? माधवराव महाराजांची छोटी लाईन 1909 मध्ये श्योपूरपर्यंत पोचली, 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली, आणि 2020 मध्ये थांबली. आता तिथं ब्रॉडगेज होतेय, ते व्हायलाच हवं. इंजिनं कुठे ना कुठे चौथऱ्यावर उभी राहतात, त्यांचे फोटो निघतात. मालडब्याला कोण विचारतो? तो भंगारात जातो. चांदीची गाडी काचेआड सुखरूप आहे, पण जिने धान्य वाहिलं त्या लोखंडी वाघिणीची मापं उद्या कुठे शोधायची?

लष्करातल्या कितीतरी मराठी घरांतून कुणी ना कुणी रेल्वेत होतं. गार्ड, मालबाबू, फिटर. त्यांच्या ट्रंकेत एखादा फोटो असेल, ज्यात मागे मालडबा उभा आहे. दाराशी माणूस उभा असेल तर फारच उत्तम, त्याच्या उंचीवरून डब्याची उंची काढता येते. तो फोटो मागची बाजू धरून स्कॅन करा, साल आणि स्टेशन आठवत असेल तर लिहा, आणि इथं टाका. मॉडेल करणारा कुणीतरी पुढे येईलच. त्याच्या हाती मापं द्यायचं काम आपलं.